झाडांची डिजिटल नोंद करताना: सॉफ्टवेअरमधले शब्द आणि त्यांचे नेमके अर्थ

बुंध्याभोवती टेप गुंडाळला, आकडा आला १२६ सेंटिमीटर. मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये रकाना आहे डीबीएचचा. एक जण तिथे १२६ लिहितो, दुसरा ४०. झाड तेच, टेपही तोच. पहिल्यानं घेर लिहिला, दुसऱ्यानं व्यास. डीबीएच म्हणजे छातीच्या उंचीवरचा व्यास, म्हणजे दुसरा बरोबर. पहिल्याची चूक मात्र तिथेच थांबत नाही. खोडाच्या छेदाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरतं, त्यामुळे ते जवळजवळ दहापट फुगतं आणि त्यावर बेतलेला लाकडाचा नि कार्बनचा हिशेबही फुगतो. नकाशावर दोन्ही टिंबं सारखीच हिरवी दिसतात, म्हणून ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

वृक्षनोंदीच्या सॉफ्टवेअरमधले बहुतेक शब्द असेच आहेत. ऐकायला सोपे, पण दोन माणसं त्यांचे दोन अर्थ लावतात. म्हणून इथे ते अकारविल्हे न देता, काम करताना ज्या क्रमानं समोर येतात त्या क्रमानं घेतले आहेत. वाचताना शेजारी एक कागद ठेवा आणि प्रत्येक शब्दाचा तुमच्या गटानं ठरवलेला अर्थ त्यावर लिहीत जा. पहिलं झाड नोंदवायच्या आधी हा कागद तयार हवा.

सांगाडा: लेअर, फीचर, फील्ड

नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये माहिती थरांत ठेवलेली असते. प्रत्येक थर म्हणजे एक लेअर. सगळ्यांत खाली बेसमॅप असतो: रस्ते-इमारतींचा नकाशा किंवा उपग्रहाचं छायाचित्र. तो फक्त संदर्भासाठी असतो, त्यात आपण काही बदलत नाही. त्याच्यावर आपला झाडांचा लेअर. त्यातलं एकेक झाड म्हणजे एक फीचर, आणि त्या झाडाची माहिती जिथे ओळीनं मांडलेली असते तो तक्ता म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट टेबल. तक्त्यातली आडवी ओळ म्हणजे एका झाडाचं रेकॉर्ड, उभा रकाना म्हणजे फील्ड.

फीचरचा आकार तीन प्रकारचा असू शकतो: बिंदू, रेषा किंवा बहुभुज. सुटं झाड बिंदूनं दाखवतात. कुंपणासारखी दाट ओळ रेषेनं आणि राई किंवा झाडोरा बहुभुजानं दाखवणं सोयीचं पडतं. हे आधी ठरवा, कारण एका लेअरमध्ये साधारणपणे एकाच प्रकारचा आकार ठेवतात आणि नंतर बदलायचं म्हटलं की पुन्हा जागेवर जावं लागतं.

फील्ड तयार करताना त्याचा प्रकारही ठरवावा लागतो: आकडा, मजकूर, तारीख की ठरलेल्या पर्यायांची यादी. या यादीला सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉपडाउन किंवा डोमेन म्हणतात. जिथे शक्य असेल तिथे यादीच द्या. मोकळा मजकूर लिहायला दिला की ‘बरी’, ‘ठीक’, ‘ठीकठाक’ आणि ‘मध्यम’ ही एकाच अवस्थेची चार नावं तक्त्यात येतात आणि नंतर गाळणी लावताना तीन निसटतात. भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही अशा रकान्याला अनिवार्य फील्ड म्हणतात. ती मोजकीच ठेवा. अनिवार्य रकाने वीस झाले की दमलेला माणूस काहीतरी भरून मोकळा होतो, आणि खोट्या आकड्यापेक्षा रिकामा रकाना केव्हाही चांगला. ‘शून्य’ आणि ‘मोजलं नाही’ यांतला फरकही कागदावर लिहून ठेवा. उंचीच्या रकान्यातलं शून्य सरासरी खाली खेचतं, रिकामी जागा तसं करत नाही.

टिंब नेमकं कुठे पडतं

अक्षांश आणि रेखांश मिळून झाडाचा पत्ता होतो. तो दोन पद्धतींनी लिहितात: अंश-मिनिटं-सेकंद किंवा दशांश अंश. सॉफ्टवेअरला दुसरी पद्धत रुचते. २५ अंश ३० मिनिटं म्हणजे २५.५ अंश, २५.३० नव्हे. ही गल्लत झाली की टिंब सुमारे २२ किलोमीटर सरकतं, कारण अक्षांशाचा एक अंश जमिनीवर सुमारे १११ किलोमीटरचा असतो. याच हिशेबानं दशांश चिन्हापुढे चार आकडे ठेवले तर सुमारे ११ मीटरपर्यंतची जागा कळते, पाच ठेवले तर सुमारे १.१ मीटर. झाडांसाठी पाच हवेतच, सहा ठेवले तर उत्तम.

डेटम आणि प्रोजेक्शन हे दोन शब्द पाहून बरेच जण पान उलटतात. डेटम म्हणजे पृथ्वीचा आकार आणि मोजणीचा आरंभ कुठे मानला, ते. जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हा डेटम वापरतं. प्रोजेक्शन म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरण्याची रीत. अंशांत साठवलेली माहिती ईपीएसजी ४३२६ या क्रमांकानं ओळखली जाते, तर वेबवरचे नकाशे बहुधा ईपीएसजी ३८५७ वापरतात. ३८५७ मध्ये विषुववृत्तापासून जसजसं दूर जावं तसतशी अंतरं आणि क्षेत्रफळं ताणली जातात. म्हणून अंतर किंवा सावलीचं क्षेत्र काढायचं असेल तर माहिती त्या भागाच्या यूटीएम पट्ट्यात बदलून घ्या. यूटीएममध्ये पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे ६० पट्टे केले आहेत आणि मापं मीटरमध्ये मिळतात. दोन लेअर एकमेकांवर बसत नसतील, सगळी झाडं रस्त्यापासून सारख्याच अंतरानं सरकलेली दिसत असतील, तर पहिला संशय इथेच घ्या.

अचूकता म्हणजे सॉफ्टवेअरनं दाखवलेल्या जागेभोवतीचं ते वर्तुळ, ज्याच्या आत खरी जागा असण्याची बरीच शक्यता असते. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल साधारण पाच मीटरपर्यंत नेम धरतो. दाट पानांखाली किंवा उंच इमारतींच्या मधे उपग्रहाचे संकेत अडतात, भिंतींवर आपटून उशिरा पोचतात आणि नेम आणखी चुकतो. या आपटून येण्याला मल्टिपाथ म्हणतात. आता विचार करा: रांगेतली झाडं चार-पाच मीटरवर असतील तर पाच मीटरच्या चुकीनं टिंब शेजारच्या झाडावर जाऊन बसेल. म्हणून जीपीएसनं दिलेली जागा आंधळेपणानं स्वीकारू नका. उपग्रहाच्या किंवा ड्रोनच्या चित्रावर पाहून टिंब बोटानं सरकवा. सरकवताना एक लक्षात ठेवा: वरून दिसतो तो माथा, बुंधा नव्हे. कललेल्या झाडाचा माथा बुंध्यापासून काही मीटर बाजूला असू शकतो. टिंब नेहमी बुंध्याच्या जागी टाकायचं, माथ्याच्या मध्यावर नाही. सेंटिमीटरपर्यंत नेम हवा असेल तर आरटीके नावाची दुरुस्तीपद्धत आहे, पण तिला वेगळं उपकरण लागतं आणि बहुतेक नोंदींना तिची गरज पडत नाही.

क्रमांक आणि नाव

प्रत्येक झाडाला एकच, कधीही न बदलणारा ओळखक्रमांक हवा. झाड पडलं तरी तो क्रमांक दुसऱ्या झाडाला द्यायचा नाही. अनेक सॉफ्टवेअर स्वतःच यूयूआयडी, म्हणजे अक्षरं-आकड्यांचा लांबलचक, दुसऱ्या कशाशी न जुळणारा क्रमांक तयार करतात. तो यंत्रासाठी ठीक आहे, माणसांसाठी छोटा क्रमांक वेगळा ठेवा आणि बुंध्यावर पत्र्याची चकती लावली असेल तर तोच क्रमांक तिच्यावर असू द्या. क्रमांकात रस्त्याचं नाव किंवा प्रजाती गुंफायचा मोह टाळा. पुढे प्रजातीची ओळख चुकीची निघाली की क्रमांकच खोटा ठरतो.

नावाच्या बाबतीत बोलीभाषेवर विसंबून चालत नाही. ‘अशोक’ म्हटलं की कुणाला सराका असोका हा खरा सीतेचा अशोक आठवतो, तर कुणाला सरळसोट वाढणारा, खाली झुकलेल्या लांब पानांचा मोनून लाँगिफोलियम. दोन्ही झाडं वेगळ्या कुळांतली. म्हणून वैज्ञानिक नाव हेच नोंदीचं मुख्य फील्ड ठेवा आणि स्थानिक नाव त्याच्या शेजारी. वैज्ञानिक नावाचे दोन शब्द असतात, पहिला वंशाचा, दुसरा प्रजातीचा. वनस्पतींना असं द्विनाम सातत्यानं देण्याची सुरुवात कार्ल लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून धरतात. ही नावंही बदलतात. मोनून लाँगिफोलियम पूर्वी पॉलीअल्थिया लाँगिफोलिया होतं, आणि करंज पोंगॅमिया पिनाटा नि मिलेटिया पिनाटा अशा दोन्ही नावांनी भेटतो. जुन्या-नव्या नावांच्या अशा जोडीला समानार्थी नाव म्हणतात. यादीत एकच नाव मान्य ठरवा आणि बाकीची त्याच्याकडे वळवा. नाही तर एकच प्रजाती दोनदा मोजली जाते आणि विविधता आहे त्याहून जास्त दिसते.

यादीत ‘ओळख पटली नाही’ हा पर्याय हवाच, शिवाय ‘फायकस, प्रजाती अनिश्चित’ असा फक्त वंशापर्यंतचा पर्यायही. हे पर्याय नसले की लोक अंदाज ठोकून देतात. पान, साल, फूल किंवा फळ यांचा फोटो जोडला असेल तर जाणकार माणूस नंतर घरबसल्या ओळख पटवू शकतो.

मापं: इथे घाई करू नका

डीबीएच किती उंचीवर मोजायचा? काही देशांत १.३ मीटरवर मोजतात, तर भारतात आणि अमेरिकेत १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर. फरक सात सेंटिमीटरचा, पण पाच वर्षांनी त्याच झाडाची वाढ काढायची असेल तेव्हा तो आड येतो. एक उंची ठरवा, तेवढ्या लांबीची काठी सोबत ठेवा आणि अंदाजानं छातीला टेप लावणं सोडून द्या, कारण माणसागणिक छातीची उंची वेगळी.

साध्या टेपनं व्यास थेट मोजता येत नाही. घेर मोजायचा आणि ३.१४ नं भागायचं. डी-टेप नावाचा टेप मिळतो, त्यावरच्या खुणा आधीच भागलेल्या असतात आणि थेट व्यास वाचता येतो. गटात एकाकडे साधा टेप आणि एकाकडे डी-टेप असेल तर सुरुवातीला सांगितलेली चूक ठरलेलीच समजा. माझं मत विचाराल तर फॉर्ममध्ये घेराचं फील्ड ठेवावं आणि भागाकार सॉफ्टवेअरकडून करून घ्यावा. त्याला कॅल्क्युलेटेड फील्ड म्हणतात. माणसानं जे डोळ्यांनी वाचलं तेच लिहावं, गणित यंत्रानं करावं.

अडचणीची झाडं इथेच भेटतात. उतारावरच्या झाडाला टेप लावायची ही उंची वरच्या बाजूच्या जमिनीपासून धरतात. कललेल्या झाडाचा टेप जमिनीला समांतर न धरता खोडाला काटकोनात धरायचा. नेमक्या त्या उंचीवर गाठ किंवा फुगवटा असेल तर वर किंवा खाली जिथे खोड सरळ आहे तिथे मोजायचं आणि ती उंची शेरा म्हणून लिहायची. खोड त्या उंचीच्या खालीच दुभंगलं असेल तर प्रत्येक खोड वेगळं मोजतात. २०, १५ आणि १२ सेंटिमीटरची तीन खोडं असतील तर त्यांची बेरीज ४७ होते, सरासरी १५.७, पण दोन्ही आकडे झाडाचा खरा आवाका सांगत नाहीत. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज घ्यायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं: ४०० अधिक २२५ अधिक १४४ म्हणजे ७६९, वर्गमूळ २७.७. तिन्ही खोडांच्या छेदाचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर या व्यासाचं एक खोड होईल.

आणि वड? पारंब्या जमिनीत रुतून खोडं झाल्या की कुठलाच नियम सरळ लागू पडत नाही. तिथे मूळ खोड मोजावं, जाड झालेल्या पारंब्यांची संख्या वेगळ्या फील्डमध्ये लिहावी आणि एकूण विस्तार बहुभुजानं दाखवावा, असं मी सुचवेन. दुसरी पद्धत ठरवली तरी हरकत नाही, पण सगळ्या वडांना ती एकच हवी.

उंची मोजायला क्लायनोमीटर किंवा लेझरचं उपकरण लागतं. क्लायनोमीटर फक्त कोन सांगतो. सपाट जमिनीवर झाडापासून २० मीटरवर उभं राहिलात आणि शेंड्याचा कोन ३५ अंश आला, तर २० गुणिले ३५ अंशांचा टॅन म्हणजे १४ मीटर, त्यात डोळ्याची उंची दीड मीटर मिळवली की १५.५ मीटर. पसरट माथ्याच्या झाडात खरा शेंडा दिसत नाही, जवळची बाजूची फांदीच शेंडा वाटते आणि उंची जास्त भरते. थोडं लांब जाऊन पाहिलं की हे कळतं.

माथ्याचा विस्तार दोन काटकोनी दिशांनी मोजून सरासरी घेतात. ८ आणि ६ मीटर आले तर विस्तार ७ मीटर, आणि जमिनीवरची त्याची पडछाया सुमारे ३८ चौरस मीटर. माथा जिथून सुरू होतो ती खालच्या पानांची उंची वेगळ्या फील्डमध्ये जाते.

मुळांसाठी सॉफ्टवेअरमध्ये क्रिटिकल रूट झोन किंवा मूळ-संरक्षण क्षेत्र दिसतं. ते मोजलेलं नसतं, व्यासावरून काढलेलं असतं. नेहमीचा नियम त्रिज्या व्यासाच्या १२ पट धरायचा, म्हणजे ४० सेंटिमीटर व्यासाला ४.८ मीटर. हे वर्तुळ काढायला बफर हे साधन वापरतात. बांधकामाच्या आराखड्यावर ते ठेवलं की खोदकाम कुठे थांबवायचं ते लगेच दिसतं. मुळं खरोखर असं गोल वर्तुळ धरून वाढत नाहीत, त्यामुळे भिंत किंवा रस्ता एका बाजूला असेल तर तज्ज्ञाला विचारा.

प्रकृती वेगळी, धोका वेगळा

सगळ्यांत जास्त गोंधळ या दोन रकान्यांत होतो, आणि त्याची किंमत झाड मोजतं.

कंडिशन म्हणजे झाडाची प्रकृती: पानांची दाटी, शेंड्याकडून वाळत येणाऱ्या फांद्या, खोडातली ढोली, सालीवर उगवलेली अळंबी, बुंध्याला आवळणारी मुळं, जुळी खोडं आणि त्यांच्या बेचक्यात आत दबलेली साल. या गोष्टी पाहून ‘उत्तम’पासून ‘वठलेलं’पर्यंत श्रेणी देतात. प्रत्येक श्रेणीत काय दिसलं पाहिजे ते लिहून ठेवा आणि जमल्यास प्रत्येकीचा एक फोटो जोडा.

रिस्क म्हणजे धोका. आंतरराष्ट्रीय वृक्षसंवर्धन संस्थेच्या, म्हणजे आयएसएच्या पद्धतीत तो तीन प्रश्नांतून ठरतो. झाड किंवा फांदी मोडण्याची शक्यता किती, मोडल्यावर ती कशावर तरी पडण्याची शक्यता किती, आणि पडली तर नुकसान किती. उत्तरांच्या तक्त्यातून कमी, मध्यम, जास्त आणि अतिगंभीर अशा चार पातळ्यांपैकी एक येते. ज्यावर पडू शकतं त्या माणसाला, वाहनाला किंवा वास्तूला टार्गेट म्हणतात. टार्गेट नसेल तर धोका नाही. माळावर एकटं उभं वठलेलं झाड प्रकृतीनं शेवटच्या श्रेणीत असतं, पण त्याचा धोका कमी, शिवाय त्याच्या ढोलीत घुबडं, पोपट आणि मधमाश्या राहतात. याउलट हिरव्यागार झाडाची तडकलेली मोठी फांदी लोक रोज बसतात त्या बाकावर असेल तर प्रकृती बरी आणि धोका जास्त. ‘खराब’ या एकाच शब्दात दोन्ही कोंबलं की पहिलं झाड उगाच तोडलं जातं आणि दुसरं तसंच राहतं.

धोका किती काळासाठी धरला, तेही लिहावं लागतं, कारण काळ जितका मोठा तितकी मोडण्याची शक्यता जास्त. पाहणीच्याही पातळ्या आहेत. चालत्या गाडीतून किंवा एकाच बाजूनं पाहणं ही पहिली, झाडाला सगळीकडून फिरून जवळून पाहणं ही दुसरी, ध्वनिलहरींनी किंवा बारीक सुईच्या यंत्रानं खोडाचं आतलं लाकूड तपासणं ही तिसरी. कुठल्या पातळीची पाहणी केली याचं फील्ड नसेल तर गाडीतून दिलेला शेरा नंतर तज्ज्ञाचा निर्णय समजला जाईल. स्वयंसेवकांकडून वृक्षगणना करून घेताना धोक्याचा रकाना त्यांना देऊ नका. ‘तज्ज्ञानं पाहावं’ अशी एक खूण पुरे.

काम आणि स्थिती

स्थितीच्या फील्डमध्ये जिवंत, वठलेलं, बुडखा, काढलेलं आणि रिकामी जागा असे पर्याय असतात. पडलेल्या झाडाची नोंद पुसू नका, स्थिती बदला. पुसली की ते झाड तिथे कधी होतं हेच विसरलं जातं. वर्क ऑर्डर म्हणजे करायच्या कामाची वेगळी नोंद: काय करायचं, किती तातडीचं, कोणी केलं, केव्हा पूर्ण झालं. ती झाडाच्या रेकॉर्डला क्रमांकानं जोडलेली असते आणि एका झाडाला अनेक असू शकतात. पाहणीचंही तसंच. दर पाहणीला नवी ओळ जोडा, जुन्या आकड्यावर नवा लिहू नका.

नोंदींतून काय निघतं

पर्णछत्र म्हणजे वरून पाहिलं असता जमिनीचा किती टक्के भाग माथ्यांनी झाकला आहे तो. तो झाडांच्या संख्येवरून कळत नाही. दहा रोपटी मिळून एका जुन्या वृक्षाएवढी सावली देत नाहीत.

विविधतेसाठी १०-२०-३० हा ठोकताळा सॉफ्टवेअरमध्ये बरेचदा दिसतो. अमेरिकेतले फ्रँक सांतामूर यांनी १९९० साली तो मांडला: एका प्रजातीची झाडं १० टक्क्यांहून, एका वंशाची २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून जास्त नसावीत. डच एल्म रोगानं एल्म या झाडांच्या रांगाच्या रांगा संपवल्याचा अनुभव त्यामागे होता. ठोकताळा म्हणूनच तो वापरा.

कार्बनचे दोन आकडे असतात आणि ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत. साठा म्हणजे झाडानं आजवर लाकडात साठवलेला एकूण कार्बन. शोषण म्हणजे एका वर्षात पडलेली भर. दोन्ही आकडे व्यास, उंची आणि लाकडाची घनता यांवरून समीकरणांनी काढलेले अंदाज असतात. कोरड्या लाकडात साधारण निम्मा कार्बन धरतात, आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड करायचा तर ४४ भागिले १२ नं, म्हणजे सुमारे ३.६७ नं गुणतात. अहवालात कार्बन लिहिला आहे की कार्बन डायऑक्साइड, हे आधी पाहा. आय-ट्री हे अमेरिकेच्या वनसेवेनं २००६ पासून उपलब्ध केलेलं मोफत साधन असे हिशेब करतं.

फाइल बाहेर काढताना

नेट नसलेल्या ठिकाणी नोंद मोबाइलमध्ये साठते आणि नंतर मुख्य साठ्याशी जुळवली जाते. याला सिंक म्हणतात. दोघांनी एकच झाड वेगवेगळं बदललं असेल तर कॉन्फ्लिक्ट येतो, आणि ‘शेवटचा बदल खरा’ हा नेहमीचा तोडगा दर वेळी बरोबर नसतो. म्हणून भाग वाटून घ्या.

शेपफाइल हा जुना आणि सगळीकडे चालणारा प्रकार, पण त्यात एक नकाशा म्हणजे किमान तीन फाइली, आणि एक हरवली की नकाशा नीट उघडत नाही. फील्डचं नावही त्यात दहाच अक्षरांचं मावतं, देवनागरीत तर त्याहून कमी. जिओपॅकेजमध्ये सगळं एकाच फाइलमध्ये राहतं, म्हणून क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काम करायचं असेल तर तेच घ्या. जिओजेसनमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश असा क्रम असतो. उलट वाचला की झाडं भलत्याच खंडात किंवा समुद्रात दिसतात. सीएसव्ही फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली तर मराठी अक्षरं बिघडू शकतात आणि क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळून पडतात. ती इम्पोर्टनं आणा, यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत निवडा आणि क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणून घ्या.

फाइलसोबत मेटाडेटा द्या, म्हणजे माहितीविषयीची माहिती: नोंद कोणत्या काळात झाली, कोणी केली, डेटम कोणता, श्रेणींचे अर्थ काय, समानार्थी नावांपैकी मान्य कोणतं धरलं, आणि टेप जमिनीपासून किती उंचीवर लावला होता. सुरुवातीला शेजारी ठेवलेला कागद इथे टाइप करून जोडायचा.